भाऊजी पाण्यात

३ मार्च, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. उद्या ट्रेनर झाल्यावर पोरं विचारणार, काका, अनुभव सांगा. तेव्हा ऐन वेळी डोकं खाजवत बसायला नको.

क्रू रूममध्ये नोटीस लागली आहे. ट्रेनिंग सेक्शनला एक सेफ्टी ट्रेनर हवा. बाहेरचा नाही, आपल्याच फास्ट बोटींवरच्या डेकहँडमधला. आधी सगळ्यांनी रिफ्रेशर कोर्स करायचा, मग त्यातून एकाला उचलणार. दिवसपाळी. बसायला खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीला पाठ.

नोटीस वाचून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटिशीसमोरच उभा होतो, त्यामुळे नोटिशीकडेही पाहिलं असेल. पण अर्थ तोच. सव्वीस वर्षं या नदीवर काढली. आधी जुन्या संथ लाँचवर, आता या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या बोटींवर. दोर फेका, फळी टाका, सावकाश उतरा हो, सावकाश उतरा. गुडघे गेले, एक कान वाऱ्याने गेला. मी सोडून आहेच कोण?

बायकोला सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं जेवण घरी, दोघं बरोबर. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. ती घरी येते तेव्हा मी पाळीवर, आणि मी येतो तेव्हा ती झोपलेली. कित्येक वर्षं ती एकटी भिंतीकडे बघत जेवते. ती म्हणाली, आधी होऊ तर दे. म्हटलं, झाल्यातच जमा. ती म्हणाली, बरं. पण थोड्या वेळाने बघतो तर जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची मोकळी केलेली. तिच्यावर कायम धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. खुर्चीचं सीट लाल आहे हे मी विसरूनच गेलो होतो.

संकल्प: सकाळी व्यायाम. कमी बोलणे. कोणाच्याही कामात नाक न खुपसणे.

४ मार्च, मंगळवार.

व्यायाम नाही. गुडघ्यांना एकदम ताण द्यायला नको.

आज डबा लंगरला देऊन टाकला. लंगर म्हणजे माझ्याच पाळीतला दुसरा डेकहँड. एकदा जिथे उभा राहिला तिथून हलत नाही म्हणून हे नाव. दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन जांभईत जातात. बायकोने सकाळी रात्रीसाठी भरून ठेवलेला डबा मी दुपारीच खाल्ला, घासला आणि त्याला नेऊन दिला. तीन मजली, स्टीलचा, फक्त वरच्या झाकणाची रबरी रिंग गेलेली, त्यामुळे पिशवीत गळतो. म्हटलं, घे, मला आता लागायचा नाही. त्याने डबा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, मग आज रात्री काय खाणार?

हा मुद्दा राहून गेला होता. महिना अजून संपायचा आहे. मशीनमधून बिस्किटं काढली. एक पुडा मशीनमध्येच अडकला. मशीनला लाथ मारल्याबद्दल कप्तान बोलला.

५ मार्च, बुधवार.

बायकोने डब्याचं विचारलं. सांगितलं, याला आत्मविश्वास म्हणतात. तिने आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या खोक्यात जेवण भरून दिलं. झाकणावर हसणारं अस्वल आहे. कप्तानाने अस्वलाला नमस्कार केला.

७ मार्च, शुक्रवार. रात्री.

कोर्स सुरू. जेटीवरच्या ऑफिसच्या वर एक खोली, तिथे. पंखा फिरतो पण वारा येत नाही. शिकवायला मॅडम आहेत. वय माझ्या मुलीएवढं. आधी मोठ्या समुद्री जहाजांवर होत्या म्हणे. मला काका म्हणतात. लंगर माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, त्याला मात्र सर म्हणतात. विचारलं नाही. कमी बोलायचा संकल्प आहे.

आज लाईफ जॅकेट. मी स्वतःहून पुढे झालो. रोज प्रवाशांना घालून दाखवतो, मला काय शिकवणार? घातलं, पुढे झकास गाठ मारली, वळलो. मॅडम म्हणाल्या, काका, गाठ कसली? याला बकल आहे. खरंच होतं. मागच्या की त्याच्या मागच्या वर्षी जॅकेटं बदलली, तेव्हापासून बकल आहे म्हणे. मी म्हटलं, माणूस बुडत असताना गाठच आठवते. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मुद्दा पटलेला दिसतो.

संध्याकाळी प्रचंड गर्दी. सगळ्या शहराने एकाच बोटीने घरी जायचं ठरवलं होतं. पाय दगड झालेत.

९ मार्च, रविवार.

घोषणेचा सराव केला. प्रवाशांनो, घाबरू नका. आवाज शांत पण भारदस्त हवा. बाथरूममध्ये आवाज चांगला घुमतो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्याने खाली आले, हातात औषधांची पिशवी घेऊन. काय पेटलंय, विचारत होते. लोकांना हलवण्याची ताकद माझ्या आवाजात आहे हे सिद्ध झालं. बायकोने त्यांना पाणी दिलं आणि वर सोडून आली.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. तिला सांगितलं, मी आता ट्रेनर. ती म्हणाली, झालात पण? म्हटलं, तांत्रिक बाबी राहिल्यात. मग ती म्हणाली, बाबा, बरं झालं, आई संध्याकाळी फोन करते ना, तेव्हा मागे टीव्हीचाच आवाज असतो, बघत कोणीच नसतं. हे मला माहीत नव्हतं.

काही झालं तरी ही पोस्ट मिळवायचीच.

११ मार्च, मंगळवार.

बोट रिकामी करायचं ड्रिल. ऑफिसमधली माणसं प्रवासी म्हणून बसवली होती. धुराचा गजर वाजला की सगळ्यांना मागच्या दाराने जेटीवर काढायचं, मोजायचं आणि कप्तानाला आकडा द्यायचा. मागचं दार माझ्याकडे.

सुरुवात उत्तम. उभं राहून स्वतःची ओळख करून दिली. अनुभव सांगितला. घाबरू नका म्हटलं. कोणी घाबरलंच नव्हतं, म्हणून का घाबरायला हवं ते थोडक्यात समजावलं. तोवर पुढच्या दाराने लंगरच्या जागी आलेल्या दुसऱ्या पाळीच्या माणसाने बहुतेकांना बाहेर काढलं होतं. माझ्या दाराने तिघं उतरले. त्यातला एक मी.

आकडा एकाने कमी भरला. मी म्हटलं, पहिल्यांदाच चुकीचा मोजला असणार. मग मॅडम आत गेल्या आणि टॉयलेटचं दार ठोठावलं. आत लंगर. मुद्दाम लपवला होता. टॉयलेट बघणं माझ्याकडे होतं म्हणे. लंगरला विचारलं, गजर वाजल्यावर आवाज तरी द्यायचास. तो म्हणाला, मी मेलेला होतो.

शिकवण: टॉयलेट. (मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावं. बायको म्हणते, या घरात तरी नको.)

१३ मार्च, गुरुवार.

आज मुख्य विषय. माणूस पाण्यात.

हे प्रकरण फास्ट बोटीवर फार वाईट. जुन्या लाँचवरून कोणी पडलं तर हात पुढे करून, काय राव, म्हणत वर घेता यायचं. इथे तुम्ही ओरडेपर्यंत बोट पार पुढे गेलेली असते. मागे नुसतं पाणी, आणि त्यात कुठेतरी एक डोकं. पापणी लवली की गेलं. म्हणून एका माणसाला फक्त एकच काम. हात लांब करून पडलेल्याकडे दाखवत राहायचं. नजर काढायची नाही, बोलायचं नाही, बोट वळेल तसं आपण वळायचं, पण हात त्याच्यावरच. कप्तान पाण्याकडे बघतच नाही. त्याला तिथून दिसतही नाही. तो या हाताकडे बघून बोट वळवतो. मॅडम त्या माणसाला स्पॉटर म्हणतात. आम्ही खांब म्हणतो.

पाण्यात टाकायला एक पुतळा आहे. माणसाच्या वजनाचा, केशरी कपड्यातला. त्याला क्रूमध्ये भाऊजी म्हणतात. आल्यापासून स्वतः काही करत नाही, सगळ्यांनी मिळून उचलायचा, बसवायचा, पुसायचा, म्हणून. नाव कोणी ठेवलं माहीत नाही. ठेवणाऱ्याच्या घरी कोणीतरी मुक्कामाला असणार.

मंगळवारी परीक्षा. कामं वाटली. लंगर माणूस वर ओढायची जाळी टाकणार. दुसरा एकजण तरंगती रिंग फेकणार. आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभवी, खांब.

१५ मार्च, शनिवार.

मॅडमना भेटलो. म्हटलं, माझ्यासारख्याला नुसतं उभं करणं म्हणजे तोफेला बूच मारण्यासारखं आहे. मला सगळ्यावर देखरेख द्या. त्या म्हणाल्या, काका, ड्रिलमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्हाला दिलंय. हे बोलणं मी ओळखतो. लग्नात ज्याचा काही उपयोग नसतो त्याला दारात उभं करतात आणि सांगतात, सगळं तुमच्यावर आहे.

तरी मोठ्या मनाने मान्य केलं. चांगल्या ट्रेनरला सगळी कामं आली पाहिजेत.

बायको आज दोन नवीन ताटं घेऊन आली. जुनी चांगली होती. म्हणाली, एकसारखी नव्हती.

१८ मार्च, मंगळवार. रात्री.

थोडा गोंधळ झाला.

बोट रिकामी, फक्त क्रू. मॅडम घड्याळ घेऊन. पूर्ण वेगात असताना लंगरने भाऊजींना मागून ढकललं. सगळे ओरडले, माणूस पाण्यात! मी हात लांब केला. कप्तानाने वेग कमी करून बोट वळवायला घेतली. इथपर्यंत माझ्यात कोणी खोट काढून दाखवावी.

मग सहज लक्ष गेलं तर लंगर जाळीचा हूक उलटा लावत होता. मला तसं वाटलं. आता एवढी मोठी चूक समोर दिसताना गप्प बसणं सेफ्टीच्या विरुद्ध आहे. मी ओरडलो. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. म्हणून हाताने दाखवावं लागलं. एका हाताने रेलिंग धरलेलं, त्यामुळे दुसऱ्या हाताने. माणसाला हात दोनच.

आधी मी लंगर दाखवला. मग हूक दाखवला. मग त्याने कुठल्या बाजूला उभं राहायला हवं ते दाखवलं, आणि तिकडे काठ होता.

कप्तान हाताच्या मागे गेला. तिन्ही ठिकाणी.

बोट गाळात चढली. हळूच, कोणाला लागलं नाही. एकदम शांत झालं. मग कप्तानाने स्पीकरवरून विचारलं, भाऊजी कुठायत? मी ताबडतोब हात लांब केला. दुर्दैवाने तिकडे भाऊजी नव्हते. कुठेच नव्हते.

भरतीने नदीचं पाणी चढेपर्यंत तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या बोटी बाजूने जात होत्या. त्यांचे प्रवासी हात हलवत होते. मीच तेवढा उलट हात हलवला. लंगर जिथे होता तिथेच उभा होता. हूक बरोबर लावलेला होता.

१९ मार्च, बुधवार.

शांतपणे विचार केला. दोष कोणाचा? कप्तानाने डोकं वापरायला हवं होतं. माणूस पाण्यात पडला आणि हात जमिनीकडे, म्हणजे हा खांब काहीतरी समजावतोय, हे सहज कळण्यासारखं आहे. शिवाय भाऊजींना दोरी बांधायला नको का? आणि ऊन डोळ्यावर होतं. (ढग होते. पण ढगातूनही ऊन लागतं.)

बायकोने विचारलं, परीक्षा कशी झाली? म्हटलं, सगळ्यांच्या लक्षात राहण्यासारखी.

२० मार्च, गुरुवार.

भाऊजी सापडले. दोन पूल ओलांडून खाली. तिसऱ्या पुलाला रंग देणाऱ्यांनी बघितलं, त्यातल्या एकाने कपड्यांसकट उडी मारली, ओढून काठावर घेतलं, आणि तोंडाला तोंड लावून श्वास दिला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने आधी नाडी बघितली, मग मानेवरची शिवण बघितली. रंगारी म्हणे रडत होता. पुतळा आहे कळल्यावर जास्तच रडला.

श्वास देताना मानेची शिवण उसवून भाऊजींच्या पोटात नदी शिरली आहे. आता ते कामाचे नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आमचं ड्रिल इतकं खरं वाटतं की बाहेरची माणसंही त्यात भाग घेतात. मुलाखतीत हे सांगायचं.

२४ मार्च, सोमवार.

साहेबांनी बोलावलं! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅडमही होत्या. साहेबांनी कोर्सचा निकाल बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा निकाल बघितला. म्हणाले, नवीन पुतळा मागवला आहे, यायला वेळ लागेल. पण तपासणी जवळ आली आहे, ड्रिल थांबवता येत नाही. पाण्यात कोणीतरी लागणार. मॅडमनी सगळ्या क्रूची वजनं काढून बघितली. भाऊजींच्या सगळ्यात जवळ मी.

शिवाय, मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हाला तिकडून नीट बघताही येईल.

विचारलं, म्हणजे मी ट्रेनिंग सेक्शनला? साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पंख्याकडे बघितलं. साहेब म्हणाले, हो, तसंच म्हणायचं. आणि दिवसपाळी? दिवसपाळी.

मग मी पुढे काही विचारलं नाही. कमी बोलायचा संकल्प आहे.

बायकोला सांगितलं, ट्रेनिंग सेक्शनला घेतलं, दिवसपाळीवर. यातला शब्दन् शब्द खरा आहे. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, खरंच? मग पदराने उगाचच ओटा पुसला.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.

संध्याकाळी! घरी!

पाणी गार होतं. केशरी सूटमध्ये गळ्याकडून पाणी शिरतं, ते तपासणीत लिहायला हवं. पाण्यातून मी वरच्या सगळ्यांना सूचना देत होतो. रिंग आधी, जाळी नंतर, असं. मॅडम लाऊडस्पीकरवर म्हणाल्या, काका, तुम्ही बेशुद्ध आहात.

कानात अजून नदी वाजते. बायको घरी आली तेव्हा मी टेबलाशी लाल खुर्चीवर बसलेलो. नवी ताटं. एकमेकांसमोर बसलो आणि काय बोलावं ते दोघांनाही कळेना. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे. ती म्हणाली, हो. पाहुण्यांसारखं जेवलो.

२ एप्रिल, बुधवार.

आता जमतंय. तिने दवाखान्यातल्या गमती सांगितल्या. एक पेशंट डॉक्टरांना चावला. डॉक्टर ओरडले तर म्हणाला, तुम्हीच म्हणालात ना, दात दाबून बघा. हे सांगताना ती इतकी हसली की ठसका लागला. अशी हसते हे विसरलो होतो. मी तिला नदीचं काही सांगत नाही. माझे केस रोज ओले कसे, हे तिने एकदा विचारलं. म्हटलं, ट्रेनिंगमध्ये घाम फार येतो.

लंगर हल्ली वरच्या खोलीत दिसतो. फळ्यासमोर उभा, हातात खडू. फळा पुसायला ठेवलेला दिसतो. त्याच्याकडून एवढं तरी होईल.

८ एप्रिल, मंगळवार.

ठरवलं आहे. भाऊजींचं काम इतकं चोख करायचं की त्यांनी नव्या पुतळ्याची ऑर्डरच रद्द करावी. पुतळ्यापेक्षा मी कधीही सरस. थरथरतो. शिंकतो. माणूस वाटतो.

१० एप्रिल, गुरुवार.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. मला ढकललं आणि बोट पुढे गेली. तिच्या लाटेने तोंडावर फटका मारला, नाकात पाणी गेलं. डोळे पुसून बघतो तर बोट केवढीशी. आवाजही नाही. आजूबाजूला करडं पाणी, आणि मी.

एरवी मी त्या बाजूला असतो, रेलिंगच्या आत. तिकडून हे कधी दिसलं नाही. मनात आलं, वर आत्ता कोणी कोणाला काही विचारलं, किती वाजले म्हणून विचारलं, तर संपलं. मी खरंच घाबरलो. सूट होता, दुसरी बोट जवळ होती, तरी घाबरलो.

मग धुक्यातून हात दिसला. लंगरचा. जाडजूड हात, सरळ माझ्याकडे. बोट वळली, तो वळला, हात तिथेच. त्याच्या शेजारी मॅडम काही बोलत होत्या, त्याने बघितलं नाही. वारा होता, डोळ्यातून पाणी येत असणार, पुसलं नाही. बोट येईपर्यंत तो फक्त माझ्याकडे बघत होता. एवढा वेळ कोणी माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मला रडू आलं. पाण्यात ते कळत नाही, ही एक सोय आहे.

वर घेतल्यावर मी लंगरला सांगितलं, हात अजून थोडा वर हवा होता. तो म्हणाला, बरं.

१६ एप्रिल, बुधवार.

लंगरच्या गळ्यात नवीन कार्ड. त्यावर त्याच्या फोटोखाली सेफ्टी ट्रेनर असं छापलंय. छपाईत चूक झाली म्हणून ऑफिसात जाऊन कळवलं. ऑफिसवाली म्हणाली, चूक नाही, महिना होत आला.

आज जास्त लिहीत नाही. पाठ दुखते.

१७ एप्रिल, गुरुवार.

लंगरला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? त्याने हातावरचा खडू झटकला. म्हणाला, तू विचारलं नाहीस. आणि मग, त्या दिवसाचं तिसरं वाक्य असावं: तुझी दिवसपाळी चालू होती ना.

२८ एप्रिल, सोमवार.

नवे भाऊजी आले. खोक्यात. मॅडमनी स्वतः उघडलं. पक्की शिवण, गळ्याकडून पाणी शिरत नाही. वजन बदलता येतं. मुख्य म्हणजे बोलत नाहीत, हे मॅडम दोनदा म्हणाल्या.

मी त्यांच्या बाजूला उभा होतो. साहेब आले, दोघांकडे बघितलं, आणि भाऊजींच्या खांद्यावर थाप मारली.

पुढच्या सोमवारपासून संध्याकाळची पाळी, माझ्या आधीच्याच बोटीवर.

२ मे, शुक्रवार.

नव्या भाऊजींचं पहिलं ड्रिल. खांब कोण विचारल्यावर कोणी पुढे होईना. मी झालो. कप्तान म्हणाला, देवा.

भाऊजी पडले. हात लांब केला. मागे कोणीतरी शिंकलं, काहीतरी धातूचं पडलं, कोणीतरी माझं नाव घेतलं. तो केशरी ठिपका नुसता वर-खाली होत होता. मला माहीत होतं तिकडून कसं दिसतं ते. हात सोडला नाही. बोट सरळ त्यांच्यावर गेली, जाळी पडली, वर घेतलं, झालं. मी अजून उभा. खांदा पेटला होता. भाऊजी डेकवर आले होते तरी मी पाण्याकडेच हात करून होतो. लोक हसायला लागले असावेत. मग लंगर आला आणि त्याने माझा हात धरून हळूच खाली आणला. म्हणाला, आला तो.

मॅडमच्या कागदावर माझ्यापुढे लिहिलंय, समाधानकारक.

४ मे, रविवार.

बायकोला सांगायला हवं होतं. दिवसभर शब्द जुळवले. ट्रेनिंग सेक्शनमध्ये फेरबदल झालेत. नदीला अनुभवी माणसाची गरज आहे. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तोंडून एवढंच निघालं, की उद्यापासून परत संध्याकाळची पाळी. ती जेवत राहिली. मग म्हणाली, माहीत आहे. म्हटलं, काय माहीत आहे? म्हणाली, सगळंच. केसांना नदीचा वास येतो हो तुमच्या, रोज.

मी केसांवरून हात फिरवला. ती म्हणाली, एक्केचाळीस दिवस तरी मिळाले. तिने मोजले होते.

५ मे, सोमवार. दुपारी, निघण्याआधी.

दुसऱ्या खुर्चीवर अजून कपडे ठेवलेले नाहीत. मुद्दाम की राहून गेलं, विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणासाठी अस्वलाचं खोकं शोधत होतो. सापडेना. दवाखान्यात फोन केला. बायको म्हणाली, ते टाकलं, वरच्या फळीवर बघा, मोठ्या पातेल्याच्या मागे. आज सकाळीच भरून ठेवलाय.

पातेलं काढलं. मागे माझा डबा. तीन मजली, स्टीलचा.

विचारलं, हा इथे कसा? म्हणाली, तुम्ही दिलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी लंगर आणून देऊन गेला. म्हणाला, वहिनी, राहू द्या, लागेल. मग म्हटलं, तो असताना मला अस्वलाचं खोकं कशाला दिलंस? म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात. आणि मग पेशंट आला म्हणून तिने फोन ठेवला.

वरच्या झाकणाला नवीन रबरी रिंग बसवलेली आहे. डबा उलटा करून बघितला. गळत नाही.